कुत्र्यांच्या मैदानाचे कुलूप काढा : सोसायटीच्या अध्यक्षांना पत्र

दि. १२ जानेवारी २०२६

प्रति,
मा. अध्यक्ष व कार्यकारिणी सदस्य,
आपली कर्मचारी गृहनिर्माण सहकारी संस्था,
ता. वरोरा, जि. चंद्रपूर

विषय : ओपन स्पेसवरील कुत्र्यांच्या मैदानाचे कुलूप काढून, गाव आणि नाल्यापलीकडचा लेआऊट यांच्यासोबत बसून नियम ठरवण्याबाबत.

मा. अध्यक्ष सर,

गावातली कुत्री उचलून दूर सोडावीत अशी मागणी करणारी नोटीस गावाला वकिलामार्फत पाठवण्याचा ठराव रविवारच्या सभेत वाचला गेला. त्यावर मला बोलायचे होते, पण वेळ संपली असे सांगून सभा आटोपली. म्हणून लेखी देत आहे. हे पत्र इतिवृत्तात घ्यावे ही पहिली विनंती.

नोटीस पाठवू नका. मैदानाचे कुलूप काढा. 'फक्त सभासदांसाठी' ही पाटी उतरवा आणि तिथे एकच अट लिहा : रेबीजची लस टोचलेले कुत्रे आत येईल, मग ते सोसायटीतले असो, गावातले असो की नाल्यापलीकडचे.

आधी जागेचे बोलते. लेआऊट मंजूर होताना दहा टक्के जागा मोकळी सोडावी लागते. ती सोडली म्हणून तर आपल्या प्लॉटांना परवानगी मिळाली. ती जागा आपल्यापैकी कोणाच्याही विक्रीपत्रात नाही. ती ग्रामपंचायतीकडे गेली आहे, हे बोअरवेलच्या वेळी तुम्हीच आम्हाला समजावून सांगितले होते. ग्रामपंचायतीने आपल्याला झाडे लावायला, कुंपण घालायला आणि जागा स्वच्छ ठेवायला होकार दिला. ते पत्र फाईलला आहे, काढून वाचा. त्यात कुलपाचा कुठे उल्लेख नाही. जाळी आपल्या वर्गणीची, पाण्याची टाकी आपली, कडुनिंबाची रोपे आपण जगवली, हे सगळे मला मान्य आहे. मीही वर्गणी दिली आहे. पण जाळीचे बिल भरले म्हणून जमीन आपल्या मालकीची होत नाही.

दुसरी गोष्ट आपल्या सभेत कोणी काढतच नाही. जाळी टाकताना पूर्वेकडचा कोपरा गावाच्या आखरात गेला. आपल्यातले बरेच जण बदलीने येऊन इथे घर बांधून राहिले, त्यांना आखर म्हणजे पडीक जागा वाटते. गायकी, म्हणजे गुराखी, सकाळी गावची ढोरे तिथे गोळा करतो आणि मग चरायला नेतो. पोळ्याच्या दिवशी तोरणाखाली बैलजोड्या तिथेच उभ्या राहतात. गेल्या पोळ्याला आपल्या जाळीमुळे तोरण मागे सरकवावे लागले. त्या दिवशी गावातून कोणी भांडायला आले नाही, आणि गावाला चालते आहे असा आपण अर्थ घेतला. माझ्या मते राग तिथेच साचायला लागला. पुढे दिवाळीनंतर मैदानाच्या फाटकातून निसटलेला लॅब्रेडोर कुत्रा आणि गावातला पोर यांचा प्रकार झाला, त्यात तो राग बाहेर आला.

गावाची बाजू घेते म्हणून गावाचे चुकत नाही असे मी म्हणणार नाही. रात्रीतून जाळी कापणे चूकच होते. पुलाजवळ कुत्री मोटारसायकलच्या मागे लागतात, आपल्या वस्तीतल्या एका आजींच्या पोटरीचा लचका त्याच टोळक्याने तोडला. नाल्यापलीकडच्या लेआऊटमधली मंडळी कुत्री घेऊन येतात, घाण तशीच टाकून जातात, आणि खर्चाचे नाव काढले की जागा सरकारी आहे म्हणतात. हे सगळे त्यांच्या तोंडावर सांगायला मी तयार आहे. पण समोर बसवून सांगायचे की नोटिशीत लिहून, हा प्रश्न आहे. नोटीस गेली की गावातून कामाला येणाऱ्या बाया, दूधवाला, नळाचे काम करणारा मुलगा, सगळ्यांना बाजू घ्यावी लागेल. त्यातल्या दोघींनी मला तसे बोलून दाखवले आहे.

नोटिशीच्या मसुद्यात गावातली कुत्री 'मोकाट व उपद्रवी' म्हटली आहेत. सध्या वावरात तूर उभी आहे, हरभरा घाट्यावर आला आहे. रानडुकरे आणि रोही (नीलगाय) रात्रीतून पीक आडवे करतात. मचाणावर जागलीला बसलेल्या माणसासोबत हीच कुत्री असतात. गळ्यात पट्टा नसला तरी त्यातल्या बहुतेकांना घर आहे, धनी आहे. मोकाट आहेत ती वेगळी, त्यांचे पुढे लिहिते.

आता मला ज्याची खरी काळजी आहे ते. प्राथमिक आरोग्य केंद्रात आरोग्य सेविका म्हणून माझी सगळी नोकरी गेली. कुत्रा चावलेली माणसे जखमेत तिखट भरून, चुना लावून, हळद चेपून यायची. आम्ही आधी ते सगळे धुऊन काढायचो. साबण आणि वाहते पाणी, सलग पंधरा मिनिटे, हा पहिला इलाज. तो घरीच व्हायला पाहिजे. मग लस : पहिला दिवस शून्य धरून शून्य, तीन, सात आणि अठ्ठावीस. जखम खोल असेल, रक्त आले असेल तर जखमेत इम्युनोग्लोब्युलिनचे, म्हणजे तयार प्रतिपिंडांचे, इंजेक्शनही द्यावे लागते. दुसऱ्या डोसनंतर माणसे यायची बंद होतात, कारण कापूस वेचणीची मजुरी बुडते आणि जखम तर भरलेली दिसते. आशाताईंना घरोघरी जाऊन बोलावून आणावे लागते. रेबीजची लक्षणे एकदा सुरू झाली की हातात उपाय राहत नाही. पाण्याचा पेला तोंडाजवळ नेताच घसा आवळणारा रुग्ण मी पाहिला आहे. त्याच्या बायकोला काय सांगायचे ते आमच्यापैकी कोणालाच कळत नव्हते.

म्हणून सांगते, कुंपण घालून आपण सुरक्षित झालो असे समजू नका. एखाद्या भागातल्या साधारण सत्तर टक्के कुत्र्यांना लस मिळाली तर त्या भागात रेबीजची साखळी तुटते, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. भाग म्हणजे आपली सोसायटी नव्हे. भाग म्हणजे सोसायटी, गाव, नाल्यापलीकडचा लेआऊट आणि आजूबाजूची वावरे मिळून. आपल्या कॉलनीतली कुत्री सगळी टोचलेली धरली तरी गावातल्या कुत्र्यांच्या मानाने ती मूठभर आहेत. आपली कुत्री जाळीला नाक लावून गावातल्या कुत्र्यांशी भिडतात, सकाळी रस्त्यावर फिरतात, आणि आपली नातवंडे सायकलवर गावातल्या दुकानात जातात. गावातले कुत्रे टोचले गेले तरच आपल्या घरातले मूल वाचते.

आता गावातला माणूस आपले कुत्रे लसीला का आणेल? मजुरी पाडून, कधी दोरी न बांधलेले कुत्रे ओढत तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात नेणे सोपे नाही. पण लस टोचली की मैदान खुले, पाण्याची टाकी खुली, गोचीड काढायला औषध मिळते, असे असेल तर पोरेच कुत्री घेऊन येतील. कुलूप लावून हे एकुलते एक आमिष आपण हातचे घालवले आहे.

नोटिशीत गावातली कुत्री उचलून दूर सोडावीत अशीही मागणी आहे. ती आपल्याला करता येत नाही. प्राणी जन्म नियंत्रण नियम, २०२३ प्रमाणे नसबंदी आणि लस झालेले कुत्रे उचलले तिथेच परत सोडायचे असते. सर्वोच्च न्यायालयाच्या २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशातही तेच आहे. रेबीज झालेले किंवा आक्रमक कुत्रे त्यातून वगळले आहे. आजींना चावलेल्या टोळक्यातले जे कुत्रे खरोखर अंगावर येते, त्याची तक्रार आपण जरूर करावी, नेमकी त्याच कुत्र्याची. त्याच आदेशात रस्त्यावर कुठेही खाऊ घालायला मनाई आहे, त्यासाठी जागा ठरवायला सांगितले आहे. आणि २०२३ च्या नियमांत खाऊ घालण्याची जागा व वेळ ठरवण्याची जबाबदारी रहिवाशांच्या संघटनेवर, म्हणजे आपल्यासारख्यांवरच टाकली आहे : मुलांच्या खेळण्याच्या जागेपासून, येण्याजाण्याच्या दारापासून दूर. शाळा आणि दवाखान्यांसाठी ७ नोव्हेंबर २०२५ चा आदेश वेगळा आणि कडक आहे. जिल्हा परिषद शाळेच्या आवाराला कुंपण हवे, त्यासाठी आपण गावासोबत मिळून अर्ज केला तर दोन वस्त्यांचे एक काम तरी एकत्र होईल.

खाऊ घालण्याचे निघाले म्हणून. आपल्याकडचे काही जण रात्री जेवणानंतर उरलेले मैदानाच्या कडेला टाकतात. लग्नाच्या हंगामात तर पत्रावळींचा ढीग पडतो. त्यामागे कुत्री येतात, डुकरे येतात, आणि कुत्र्यांमागे बिबट येतो. ताडोब्याचे जंगल आपल्यापासून फार लांब नाही, आणि बिबट्याला कुत्रे आवडते हे इथल्या लहान मुलालाही माहीत आहे. हे आजच्या आज थांबवा. त्यासाठी कोणाच्या ठरावाची गरज नाही.

मैदान कसे चालवायचे याचेही मी पाहिले आहे. हैदराबादला महापालिकेने २०१८ मध्ये कुत्र्यांसाठी पार्क सुरू केले. माझा मुलगा तिकडे नोकरीला आहे, त्याच्याकडे गेले की मी तिथे जाऊन बसते. मला सगळ्यात उपयोगाचे वाटले ते दुहेरी दार : पहिले लावल्याशिवाय दुसरे उघडायचे नाही, म्हणजे कुत्रे बाहेर निसटत नाही आणि बाहेरचे आत घुसत नाही. लॅब्रेडोरचा प्रकार झाला तो एकेरी फाटकामुळेच. आपल्या वेल्डरकडून हे सहज होईल. लहान पिल्लांना सगळ्या लसी होईपर्यंत आत आणू नये, कारण कुत्र्यांना होणाऱ्या पार्व्हो रोगाचा विषाणू मातीत कित्येक महिने टिकतो. घाण ज्याच्या कुत्र्याने केली त्यानेच उचलायची. तिच्यातले जंत मातीतून मुलांच्या पोटात जातात, आणि संध्याकाळी गावची पोरे तिथेच कबड्डी खेळतात. त्यांना ती वेळ द्या. उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो, तेव्हा कुत्र्यांना सकाळी लवकर आणि अंधार पडता पडताच नेता येते. वेळापत्रक करताना हा फरक धरावा लागेल. पूर्वेकडचा कोपरा मात्र वेळापत्रकात घेऊ नका. तो आखराचा आहे, जाळी मागे घ्या.

खर्चाचे : नाल्यापलीकडच्या लेआऊटने पाणी आणि सफाईचा वाटा उचलावा. गावाकडून पैसे मागू नयेत, ग्रामपंचायतीने जागा दिली आहे तेवढे पुरे.

हे भांडण पोलीस ठाण्यात न्यायची गरज नाही. गावोगावी तंटामुक्त समित्या २००७ पासून आहेत, आपल्या गावचीही आहे, आणि तिच्या बैठकीला बोलावले तर सरपंच येतील असे त्यांनी मला सांगितले आहे. २६ जानेवारीच्या ग्रामसभेत मैदानाच्या नियमांचा ठराव झाला तर तो तिन्ही वस्त्यांना लागू होईल. त्यासाठी त्याआधी आपली बैठक व्हायला हवी. सोसायटीतर्फे तुम्ही, सचिव आणि कुत्रे पाळणारा एक सभासद जावा. आजींच्या घरचे कोणी यायला तयार असेल तर त्यांनाही न्या, त्यांचे म्हणणे गावाने ऐकायला हवे.

लसीकरणाच्या दिवसासाठी तालुक्याच्या पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांशी मी बोलले आहे. ग्रामपंचायत आणि सोसायटी यांचे संयुक्त पत्र आले तर ते तारीख देतो म्हणाले. गावातल्या आणि आपल्या कुत्र्यांची घरनिहाय यादी मी आशाताईंसोबत करते. पत्राचा मसुदा सोबत जोडला आहे. त्यावर तुमची सही हवी आहे, शुक्रवारपर्यंत.

आपली विश्वासू,
एक महिला सभासद
(निवृत्त आरोग्य सेविका)

सोबत : संयुक्त पत्राचा मसुदा
प्रत : १) मा. सरपंच, ग्रामपंचायत २) अध्यक्ष, नाल्यापलीकडचा लेआऊट