पाळण्याआधी पगाराचा हिशेब

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पहिल्यांदा आई-वडील होणाऱ्यांनी खर्चाचे नियोजन कसे करावे, याविषयी आपल्या अर्थविषयक पानावर आलेला मजकूर मी दोनदा वाचला. त्यातील खरेदीची यादी उपयोगाची आहे, याबद्दल वाद नाही. मात्र ते सारे नियोजन खर्चाच्या बाजूने सुरू होऊन खर्चाच्याच बाजूला संपते, आणि मध्यम उत्पन्नाच्या घरात पहिल्या मुलाच्या वेळी जी खरी ओढाताण होते ती जमेच्या बाजूला होते, हे त्यात कुठेच आलेले नाही. नोकरीची सगळी वर्षे हिशेबतपासणीत घालवल्यामुळे मला ही त्रुटी खटकली, म्हणून हे पत्र.

माझ्या मुलीला दिवस गेले तेव्हा ती आणि जावई एक वही घेऊन माझ्याकडे आले होते. पहिल्या पानावर पाळणा, बाबागाडी, दुपटी, बाटल्या उकळण्याचे यंत्र अशी एकोणीस ओळींची यादी होती, प्रत्येक ओळीपुढे रक्कम होती आणि खाली दोनदा ताळा केलेली बेरीज. मी ते पान उलटले, पुढच्या कोऱ्या पानावर अठरा महिन्यांचे अठरा रकाने आखले आणि प्रत्येक महिन्यात दोघांच्या खात्यांत प्रत्यक्ष किती रक्कम जमा होणार, एवढेच भरायला सांगितले. पहिले पाच रकाने चटकन भरले. सहाव्याशी मुलीचे पेन थांबले, कारण रजेचा पगार दरमहा येणार की एकरकमी, आणि त्यात कोणकोणते भत्ते धरणार, हे तिने कार्यालयात कधी विचारलेच नव्हते. पगारी रजा संपल्यावर तिला आणखी तीन महिने घरी राहायचे होते. त्या तीन रकान्यांत तिने तीन शून्ये लिहिली आणि मग तिघांच्याही लक्षात आले की घराच्या कर्जाचा हप्ता दर महिन्याच्या पाच तारखेला तिच्याच खात्यातून वळता होतो. यादीतल्या एकोणीस वस्तूंची बेरीज त्या तीन शून्यांमुळे पडणाऱ्या खड्ड्याच्या निम्मीही नव्हती.

अंथरूण पाहून पाय पसरावेत, असे आपण सहज सांगतो, पण येथे पाय लांबतात त्याच महिन्यात अंथरूणही आखूड होते. म्हणून पहिला प्रश्न काय घ्यायचे हा नसून कोणत्या महिन्यात किती येणार हा असला पाहिजे, आणि त्याचे उत्तर कार्यालयाकडून लेखी घ्यायला हवे. तोंडी आश्वासनावर विसंबल्याचा फटका आम्हाला बसला. रजेच्या काळातील पहिला पगार एका राहिलेल्या सहीपायी सात आठवडे अडकला आणि तेवढे दिवस जावयाने मित्राकडून हातउसने घेऊन हप्ते भरले.

यावर मला सापडलेला सर्वांत सोपा उपाय म्हणजे रंगीत तालीम. बाळ येण्यापूर्वीचे तीन-चार महिने घर एकाच पगारावर चालवून पाहावे आणि दुसरा पगार जसाच्या तसा बाजूला टाकावा. यातून गंगाजळी जमते हे उघड आहे, पण त्याहून मोलाची गोष्ट म्हणजे एका पगारात घर नेमके कुठे अडते ते आधीच कळते, आणि तेव्हा ते दुरुस्त करायला हाताशी वेळही असतो आणि पुरेशी झोपही. हप्त्याची तारीख बदलून घेणे, मुदत थोडी वाढवून हप्ता कमी करता येतो का हे बँकेला विचारणे, ही कामे दोन्ही पगार चालू असताना करावीत. उत्पन्न घटल्यावर बँकेच्या दारात गेलेल्या माणसाशी बँक वेगळ्या सुरात बोलते, हे मी टेबलाच्या दोन्ही बाजूंनी पाहिले आहे.

तीन ते सहा महिन्यांच्या खर्चाइतकी रक्कम हाताशी असावी, हा सर्वमान्य ठोकताळा आहे. परंतु बहुतेक जण तो खर्च मागच्या वर्षावरून मोजतात. तो बाळासह असलेल्या घराचा धरायला हवा, आणि त्यात पाळणाघराचे शुल्क आधीपासून मांडायला हवे. मुलाच्या उच्चशिक्षणासाठी दीर्घ मुदतीची योजना विकणारे प्रतिनिधी पाळणा घरात येण्याआधी दारात येतात. गंगाजळी नसताना अशा योजनेत पैसे अडकवले, तर पहिल्याच अडचणीत ती तोट्यात मोडावी लागते. त्यापेक्षा कमावत्या दोघांचा साधा मुदत विमा आधी घ्यावा, आणि कार्यालयाच्या गट आरोग्य विम्यात नवजात बाळाचे नाव किती दिवसांत नोंदवावे लागते ते पाहून ठेवावे.

हे झाले घराने करायचे. तथापि सगळा भार घरावर ढकलून समाजाने मोकळे व्हावे, असे मला म्हणायचे नाही, आणि आपल्या लेखात न आलेली दुसरी बाब हीच आहे. गरिबांसाठीच्या योजना उत्पन्नाच्या मर्यादेपाशी थांबतात, श्रीमंतांना त्यांची गरज नसते, आणि मधला माणूस मर्यादेच्या थोडा वर असल्याने दोन्हीकडून सुटतो. ब्रिटनमध्ये मुलांसाठी सरकार पालकांना जो बालभत्ता देते, त्यावरील जादा कर एप्रिल 2024 पासून 60,000 पौंडांपुढच्या उत्पन्नाला लागू होतो आणि 80,000 पौंडांना तो संपूर्ण भत्ता गिळतो. ही मर्यादा कुटुंबाची नव्हे, एका व्यक्तीची आहे. त्यामुळे पती-पत्नी दोघेही 59,000 पौंड मिळवत असतील तर भत्ता पूर्ण हातात राहतो, आणि एकटीच आई 80,000 मिळवून घर चालवत असेल तर तिच्याकडे काहीही उरत नाही. जर्मनीतील पालक-भत्ता बाळामुळे बुडालेल्या निव्वळ उत्पन्नाच्या साधारण 65 टक्के मिळतो, म्हणजे माझ्या मुलीच्या वहीतल्या शून्यांवरच तो बोट ठेवतो. परंतु त्याची 1,800 युरोंची कमाल मर्यादा 2007 पासून तशीच आहे, आणि महागाईने ती जसजशी झिजते तसतसे अधिकाधिक मध्यम पगार तिला टेकू लागतात. फिनलंडने 1938 मध्ये नवजात बाळाच्या वस्तूंची पेटी कमी उत्पन्नाच्या मातांना द्यायला सुरुवात केली आणि 1949 मध्ये उत्पन्नाची अट काढून ती सर्वांना खुली केली. पेटी लहानशी असली तरी अट काढण्याचा तो निर्णय मला मोठा वाटतो.

आपल्याकडे प्रसूती लाभ कायद्याच्या 2017 च्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठीची पगारी प्रसूती रजा 12 आठवड्यांवरून 26 आठवड्यांवर गेली. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या 2000 सालच्या 183 क्रमांकाच्या करारातील किमान 14 आठवड्यांच्या तुलनेत ही तरतूद भरघोस आहे. मात्र हा खर्च सामाजिक विम्यातून किंवा सार्वजनिक निधीतून व्हावा, एकट्या मालकावर पडू नये, असा त्याच कराराचा रोख आहे. आपल्याकडे राज्य कामगार विम्याच्या वेतनमर्यादेखालील स्त्रीला विमा महामंडळ पैसे देते, आणि त्या मर्यादेवरील, म्हणजे नेमक्या मध्यम पगाराच्या स्त्रीचा सारा भार तिच्या मालकावर येतो. पाच-पंचवीस माणसांच्या आस्थापनेने मग नेमणुकीच्या वेळीच काचकूच केली, तर ते निषेधार्ह आहे, पण अनाकलनीय नाही. खाजगी नोकरीतल्या वडिलांना तर कायद्याने एक दिवसाचीही रजा नाही. स्वीडनमध्ये आई-वडिलांना मिळून 480 दिवस मिळतात आणि त्यांतले 90 दिवस प्रत्येकाच्या नावे राखीव असतात, ते जोडीदाराला देता येत नाहीत. ही अट वरवर जाचक वाटते, परंतु वडिलांनी रजा घेण्याला तिच्यामुळेच बळ मिळते.

पाळणाघराच्या हिशेबातील एक चूक मी इतक्या घरांत पाहिली आहे की तिचा उल्लेख टाळता येत नाही. पाळणाघराचे शुल्क फक्त आईच्या पगारातून वजा करतात, उरलेला आकडा पाहतात आणि ‘एवढ्यासाठी कशाला नोकरी करायची?’ असे म्हणतात. मूल दोघांचे असेल तर वजाबाकीही दोघांच्या पगारांतून व्हायला हवी. शिवाय नोकरी सोडण्याची किंमत त्या वर्षीच्या पगाराइतकीच नसते. हुकलेल्या बढत्या, खंडित झालेला भविष्य निर्वाह निधी आणि परत येताना स्वीकारावे लागणारे कमी वेतन हे सारे त्यात येते. 2023 चे अर्थशास्त्राचे नोबेल मिळालेल्या क्लॉडिया गोल्डिन यांनी दाखवून दिले आहे की स्त्री-पुरुषांच्या कमाईतील आजची तफावत बऱ्याच अंशी पहिल्या मुलाच्या जन्मापासून सुरू होते. माझ्या मुलीच्या वहीत पाळणाघराची ओळ आता दोन रकान्यांत निम्मी निम्मी लिहिलेली आहे. जावयाने ती स्वतःहून तशी लिहिली, हे नमूद करायला मला आनंद वाटतो.

आपणास विनंती एवढीच, की या विषयावर पुन्हा मजकूर छापाल तेव्हा खरेदीच्या यादीच्या वर अठरा रकान्यांचा एक कोरा तक्ता द्यावा आणि त्याच्या पहिल्या ओळीत ‘या महिन्यात प्रत्यक्ष हातात येणारी रक्कम’ असे छापावे.

कळावे,
आपला नियमित वाचक,
एक निवृत्त हिशेबतपासनीस