आजीच्या मातीची गोष्ट

नागपूर, रविवार

तीर्थरूप आई-बाबांना,
साष्टांग नमस्कार.

सीतादहीची पूजा झाली असेल. कापसाच्या वेचणीला बाया मिळाल्या का? आई, तू एकटी ओझी उचलू नकोस, कंबर पुन्हा धरेल.

बाबा, दिवाळीत मी तुमच्याशी नीट बोलले नाही. तुम्ही मोबाईलवर तो व्हिडिओ दाखवत होता. साऱ्या जगाचं एकच सरकार येणार, जिनिव्हात बसलेले लोक आपल्या गावाला कुलूप लावणार, सुई कोणाला टोचायची तेही तेच ठरवणार. "काहीही पाहता तुम्ही," म्हणून मी उठून गेले. परत येताना यवतमाळपर्यंत एसटीत तेच डोक्यात होतं, आणि मग २०२० चा एप्रिल आठवला.

आजी गेली तेव्हा तिचं गाव आपल्यापासून अठरा किलोमीटर होतं. तुम्ही आईला गाडीवर बसवून नेलं आणि नाक्यावरून परत आणलं. उन्हात, रडत, तशीच. आई तेव्हा एवढंच म्हणाली होती, "मायच्या मातीले जायाले कोणाले विचारा लागते?" तिला कोणीच उत्तर दिलं नाही. मीही नाही, मी इथं खोलीत अडकून होते. तुमची भीती तिथून आली आहे, बाबा, आणि मी तिला व्हिडिओचं खूळ समजले. माफ करा.

म्हणून दोन आठवडे जे मिळेल ते वाचलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या सभेनं २० मे २०२५ ला जिनिव्हात महामारीचा करार मंजूर केला, व्हिडिओवाले बोट दाखवतात ते त्याच्याकडेच. त्यात स्पष्ट लिहिलं आहे की टाळेबंदी कर, लस सक्तीची कर, प्रवासी अडव, असा हुकूम ही संघटना कोणत्याही देशाला देऊ शकत नाही. शिवाय साठ देशांनी आपापल्या घरी मान्यता दिल्याशिवाय तो लागूच होत नाही. २०२० मध्येही आपल्याला तिथून हुकूम आला नव्हता. २४ मार्चच्या रात्री आठला दिल्लीतून घोषणा झाली आणि बारापासून देश बंद. कायदा आपलाच होता, २००५ चा आपत्ती व्यवस्थापनाचा, आपण निवडून दिलेल्या लोकांनी केलेला. मला हे वाचून हायसं वाटलं नाही, उलट जास्तच राग आला. पण जाब कुठं विचारायचा ते तरी कळलं.

तुमचं डंकेलचं, म्हणजे जागतिक व्यापार कराराच्या त्या मसुद्याचं, म्हणणं मात्र मी उडवून लावत नाही. १९९५ ला जागतिक व्यापार संघटना आली तेव्हा घरचं बियाणं ठेवायलाही बंदी होईल, अशी गावोगाव भीती होती. वाणांच्या हक्कांसाठी कायदा करणं भागच होतं, पण तो कसा करायचा हे आपल्या संसदेच्या हातात राहिलं, आणि २००१ च्या त्या कायद्यात शेतकऱ्यानं बियाणं राखणं, पेरणं, अदलाबदल करणं, विकणंही हक्क म्हणून लिहिलं गेलं. फक्त संरक्षित वाण पाकिटात भरून, त्या नावाचं लेबल लावून विकायचा नाही. आई राखेत ठेवते ती तूर तिच्या हक्काची आहे. सरकीचं पाकीट दरवर्षी विकत घ्यावं लागतं ते वाण संकरित असल्यामुळे.

आणि ही व्यापार संघटना, तुमचं ते जगाचं सरकार, किती बळाचं आहे, तेही सांगते. अमेरिका आपल्या कापूसवाल्यांना अनुदान देते म्हणून ब्राझीलनं २००२ मध्ये तिथं तक्रार केली. ब्राझील जिंकलं. तरी अमेरिकेनं वर्षानुवर्षं ताणलं आणि २०१४ मध्ये ३० कोटी डॉलर देऊन प्रकरण मिटवलं. तिथलं अपिलाचं पीठ डिसेंबर २०१९ पासून बंदच पडलं आहे, कारण अमेरिका नवे सदस्य नेमू देत नाही. मोठ्याला तिथं कोणी अडवू शकत नाही, मला त्याची भीती जास्त वाटते. २०२५ च्या ऑगस्टमध्ये कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क काही महिन्यांसाठी उठलं, तो निर्णयही दिल्लीचाच. आपल्या कापसाचं काय होईल, हे आपल्याला कोणी विचारलं होतं?

बाबा, सेतूवाला पोरगा ओटीपी मागतो आणि तुम्ही सांगून मोकळे होता. बचत गटाच्या कर्जाला आईनं कोऱ्या कागदावर सही केली, ते मला पोळ्याला कळलं. आपलं जे हातचं जातं ते असं जातं, घरातून, आपल्याच अंगठ्यानं. ग्रामसभेत शेवटचं कधी बसलात तेही आठवा. रजिस्टर घरी येतं, सही होते, सभा झाली.

गडचिरोलीचं मेंढा-लेखा तुम्हाला ठाऊक आहे. "दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार" म्हणणारं गाव. तिथं सगळ्यांचं एकमत झाल्याशिवाय ठराव होत नाही, मग एका विषयाला कितीही बैठका लागोत. २००९ ला त्यांनी सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळवला आणि मग आपल्याच बांबूच्या वाहतूक पासासाठी २०११ पर्यंत भांडले. साध्या गोंड शेतकऱ्यांनी, कायदा वाचून. तुम्ही तर मॅट्रिक आहात, बाबा.

मी २५ जानेवारीला रात्री येते. सकाळी ग्रामसभेला तिघंही जाऊ, आई तू पण. त्याआधी सेतूवाल्यानं कोणकोणत्या कागदावर सह्या घेतल्या त्यांची झेरॉक्स मागून ठेवा. आणि आईच्या त्या कर्जाचीही. नाही म्हणाला तर मला फोन लावा, मी बोलते त्याच्याशी.

तुमची,
धाकटी