गोगलगायी मे महिन्यातच वेचा

मा. संपादक साहेब, नमस्कार.

सोयाबीन दोन पानांवर आलं की मग गोगलगायीच्या बातम्या सुरू होतात, 2022 ला लातूर-बीडकडं दुबार पेरणीची वेळ आली ते सगळ्यांनी वाचलंय. पण तोवर उशीर झालेला असतो. आपल्या वाळवा, कराड भागात नदीकाठी ऊस आणि सोयाबीन शेजारी शेजारी असतं, म्हणून हे लिहितोय.

शंखी गोगलगाय उन्हाळ्यात मरत नाही, झोपते. शंखाचं तोंड पांढऱ्या पापुद्र्यानं बंद करते आणि शरीराचा खर्च एकदम कमी करते, जागेपणी जेवढा ऑक्सिजन लागतो त्याच्या पाचव्या हिश्श्यावर किंवा त्याहून खाली येते. श्वासाचं छिद्र पण क्वचितच उघडते कारण उघडलं की अंगातलं पाणी जातं. आता उष्णतेचं बघा, तिचं अंग हवेइतकंच तापतं आणि साधारण 10 अंश तापमान वाढलं की हा खर्च दुप्पट-अडीचपट होतो, म्हणजे साठवलेलं अन्न लवकर संपतं, वर कोरड्या हवेत पाणी पण उडतं. सावलीत, गारव्यात असलेली मात्र महिनोन्महिने टिकते. इजिप्तच्या वाळवंटातली एक गोगलगाय 1846 मध्ये लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये पुठ्ठ्याला चिकटवून ठेवलेली, 1850 ला कोमट पाण्यात टाकली तर जिवंत निघाली!

ओलावा आला की सगळं उलटं होतं. वळवाचा एक चांगला पाऊस झाला, हवा दमट झाली की पापुद्रा सुटतो, श्वास झपाट्यानं वाढतो आणि ती भुकेली बाहेर पडते. मग ती रात्री फिरणार, मातीत शेकड्यानं अंडी घालणार, तेव्हा वेचायला कुठंकुठं पळणार.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे की वळवाच्या आधी बांधावरचे दगड, पाचटाचे ढीग, उकिरड्याच्या कडा, विहिरीजवळची अडगळ उकरून बघा, तिथं त्या घोळक्यानं चिकटलेल्या सापडतात. हातमोजे घालून वेचा आणि मिठाच्या नाहीतर साबणाच्या पाण्यात बुडवा. पाचट जाळू नका, जमिनीचं नुकसान होतं, नुसतं उलटून उन्हात पसरा. उन्हाळी नांगरट खोल करा. मेटाल्डिहाइडच्या (गोगलगाय मारायच्या औषधाच्या) गोळ्या नंतर लागतातच पण त्या कुत्र्यांना विषारी आहेत, जपून टाका.

एकट्यानं करून उपयोग नाही, शेजारच्या बांधावरून परत येतात. ग्रामपंचायतींनी मेच्या पहिल्या आठवड्यात एक दिवस ठरवून सगळ्या शिवारात एकदम वेचणी करावी आणि कृषी सहाय्यकांनी त्या दिवशी बांधावर यावं ही विनंती.

– एक सोयाबीन उत्पादक, ता. वाळवा, जि. सांगली