सांगलीच्या हवेतील दूरच्या धुळीचा हिशेब वेगळा मांडावा : पर्यावरण मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय मंत्री,
पर्यावरण व वातावरणीय बदल विभाग,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

विषय : सांगली व सातारा जिल्ह्यांतील हवेच्या मोजणीत वाळवंटी धूळ ओळखण्याची व्यवस्था करण्याबाबत.

सादर नमस्कार.

मी सांगलीत आयुष्यभर रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झालेला शिक्षक आहे. 23 जानेवारी 2022 च्या रविवारी मी पुण्यात मुलीकडे होतो. सकाळपासून आभाळ मळकट झाले होते आणि दारातल्या गाड्यांवर पांढरट, पिठासारखा थर बसला होता. पाकिस्तानच्या बाजूने उठलेली ती धूळ अरबी समुद्र व गुजरात ओलांडून मुंबई-पुण्यापर्यंत आली होती. आदल्या दिवशीच्या उपग्रहचित्रांत समुद्रावरचा तिचा पट्टा स्पष्ट दिसत होता. तेव्हापासून एक प्रश्न माझ्या मनातून गेलेला नाही. अशी धूळ उद्या सांगलीवर उतरली, तर मोजणीच्या वहीत ती कोणाच्या नावे लिहिली जाईल? आजच्या पद्धतीत ती सांगलीच्याच नावे लिहिली जाईल, कारण हवा ओढून जिच्यावर धूळ अडवतात त्या गाळणकागदाचे फक्त वजन होते आणि वजन धुळीचे गाव सांगत नाही.

सांगली शहर राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात समाविष्ट आहे. या कार्यक्रमात शहराची प्रगती पीएम 10, म्हणजे 10 मायक्रॉनपर्यंतच्या धूलिकणांच्या वार्षिक सरासरीवरून ठरते आणि 2017-18 च्या तुलनेत 2025-26 पर्यंत 40 टक्के घट हे त्याचे उद्दिष्ट ठरवण्यात आले. हाताने चालवल्या जाणाऱ्या केंद्रांवर ही सरासरी आठवड्यातून दोनदा, वर्षाकाठी किमान 104 नमुने घेऊन काढतात. समजा, एरवी 80 मायक्रोग्रॅम दाखवणाऱ्या केंद्रावर नमुना घेण्याच्या दिवशीच धुळीचे वादळ आले आणि नोंद 400 झाली, तर त्या एका कागदाने वर्षाची सरासरी सुमारे 3 मायक्रोग्रॅमने वर जाईल. वादळ एक दिवस आधी येऊन गेले, तर त्याचा मागमूसही उरणार नाही. शहराने वर्षभर काय केले, याचा निकाल अशा योगायोगावर सोडणे मला योग्य वाटत नाही.

दूरची धूळ ओळखण्याची विद्या जगाला मुख्यत्वे बेटांनी शिकवली, कारण वाऱ्याच्या बाजूला शेकडो मैल नुसता समुद्र असतो आणि तिथून येणाऱ्या मातीला जवळचा मालक सापडत नाही. कॅरिबियनमधील बार्बाडोस बेटाच्या पूर्व टोकावर 1965 पासून वातावरणशास्त्रज्ञ जोसेफ प्रॉस्पेरो यांनी ही मोजणी सुरू केली. त्यांची रीत मला शिक्षक म्हणून फार भावते. सेल्युलोजच्या गाळणकागदातून हवा ओढायची, कागद पाण्याने धुऊन समुद्राचे मीठ काढून टाकायचे आणि मग तो 500 अंश सेल्सियसला जाळायचा. कागद जळून जातो आणि मागे उरते ती माती. बार्बाडोस मुख्यत्वे प्रवाळी चुनखडीचे बेट आहे. त्या राखेतील ॲल्युमिनियम, सिलिकॉन आणि लोह तिथल्या खडकातून येणे कठीण, म्हणून ती धूळ अटलांटिकपलीकडच्या आफ्रिकेची, असा निष्कर्ष पक्का होत गेला. सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडील साहेल पट्ट्यात 1970 च्या दशकात दुष्काळ पडला, तेव्हा हजारो किलोमीटर दूरच्या या बेटावरील धूळ वाढलेली याच कागदांनी दाखवली.

आपल्याकडे हीच परीक्षा उलट बाजूने करता येईल. सांगली-साताऱ्याची जमीन काळ्या बेसॉल्ट खडकाची आहे. या खडकात लोह व टायटॅनियम भरपूर असते आणि क्वार्ट्झ, म्हणजे गारगोटी, जवळजवळ नसते. थरच्या वाळवंटातील वाळू मात्र प्रामुख्याने क्वार्ट्झची. मग एखाद्या दिवशी कागदावर क्वार्ट्झ वाढला आणि ॲल्युमिनियमच्या तुलनेत टायटॅनियम घटले, तर ती धूळ आपल्या रस्त्याची किंवा खडी क्रशरची नसून बाहेरची असण्याचा संशय बळावतो. बांधकामाच्या साहित्यातूनही क्वार्ट्झ येऊ शकतो, म्हणून ही खूण एकटी पुरेशी नाही, पण धागा भक्कम आहे. अडचण एका साध्या गोष्टीची आहे. आपल्या हाताने चालणाऱ्या केंद्रांवर पीएम 10 साठी सहसा काचतंतूंचा गाळणकागद वापरतात. तो स्वतःच सिलिकॉन असलेल्या काचेचा बनलेला असल्याने त्यावरच्या मातीतील सिलिकॉन वेगळे मोजता येत नाही आणि कागद जाळण्याचा तर प्रश्नच नाही. वजनासाठी तो उत्तम आहे, ओळख पटवण्यासाठी फारसा उपयोगाचा नाही. धुळीच्या दिवसांत शेजारी दुसऱ्या यंत्रावर टेफ्लॉनचा किंवा सेल्युलोजचा कागद लावावा, एवढाच बदल मी मागतो आहे. त्याला नव्या इमारतीची गरज नाही.

कागदाइतकीच केंद्राची जागाही महत्त्वाची असते. आफ्रिकेच्या किनाऱ्यापासून सुमारे 100 किलोमीटरवर असलेल्या कॅनरी बेटांपैकी तेनेरिफे बेटावर, सुमारे 2,400 मीटर उंचीवर इझान्या वेधशाळा आहे. उन्हाळ्यात सहाराची धूळ तिथे वरच्या थरातून वाहत जाते आणि समुद्रकाठच्या केंद्रांना तिचा पत्ताही लागत नाही. हिवाळ्यात ती खालून येते आणि फेब्रुवारी 2020 मध्ये तर तिने विमानतळ बंद पाडले. आपल्याजवळही अशी उंच जागा आहे. महाबळेश्वरला पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेची उंचीवरील मेघभौतिकी प्रयोगशाळा 2012 पासून काम करत आहे. थंडीतल्या पहाटे कृष्णेच्या खोऱ्यात धूर आणि धुके तळाशी दाटलेले असते आणि महाबळेश्वरचे पठार त्यावर बेटासारखे उघडे राहते. तिथल्या रात्रीच्या नोंदी घ्याव्यात, कारण दिवसा ऊन तापले की खोऱ्यातली हवा चढून वर येते. इझान्यालाही याच कारणाने रात्रीच्या नोंदींवर भर देतात. महाबळेश्वर, कराड, सांगली, कोल्हापूर आणि सोलापूर येथील पीएम 10 मध्यरात्री, वाहने थांबलेली असताना, एकाच सुमारास चढले आणि त्यातला पीएम 2.5, म्हणजे 2.5 मायक्रॉनपर्यंतच्या बारीक कणांचा वाटा उतरला, तर ती दूरच्या धुळीची खूण मानावी. एकट्या सांगलीत चढले आणि पीएम 2.5 चा वाटाही वाढला, तर उसाचे पाचट, गुऱ्हाळे, वीटभट्ट्या आणि धुराडी यांच्याकडे पाहावे लागेल.

स्पेन व पोर्तुगालमध्ये हा हिशेब नियमाने मांडला जातो. युरोपीय संघाच्या 2008 च्या निर्देशाने नैसर्गिक धुळीचा वाटा वजा करण्याची मुभा दिली, पण तो सिद्ध करण्याची अट घातली. उपग्रहचित्रे व वाऱ्याचा उलटा माग यांवरून धुळीचे दिवस ठरवायचे, ते वगळून शहरापासून दूरच्या केंद्राची 30 दिवसांची नेहमीची पातळी काढायची आणि धुळीच्या दिवशी त्या पातळीच्या वर जेवढे असेल तेवढेच शहराच्या आकड्यातून कमी करायचे. त्यापेक्षा एक कणही अधिक नाही.

ही अट मला सर्वांत मोलाची वाटते. काही वर्षांपूर्वी एका बैठकीत धुळीची तक्रार केल्यावर, ती बाहेरून येते असे सांगून विषय मिटवण्यात आला होता. पुरावा नव्हता, म्हणून ते खोडता आले नाही आणि मान्यही करता आले नाही. मोजणी झाली नाही, तर वाळवंट ही कायमची सबब होईल. माण, खटाव, आटपाडी आणि जतच्या उघड्या माळरानांवरून चैत्र-वैशाखात उठणारी धूळ तर कोणत्याही परिस्थितीत परकी ठरवू नये. ती आपल्याच दुष्काळी जमिनीची धूळ आहे आणि तिच्यावर गवत व झाडोरा राखणे आपल्याच हाती आहे.

आणखी एक गोष्ट आग्रहाने मांडतो. वजाबाकी फक्त जबाबदारी ठरवण्याच्या कागदावर व्हावी. हवा गुणवत्ता निर्देशांकात व लोकांना दिल्या जाणाऱ्या इशाऱ्यात पूर्ण आकडाच असावा, कारण दम्याच्या रुग्णाला आणि रस्त्यावर भाजी विकणाऱ्या बाईला धूळ कोठून आली याने फरक पडत नाही.

म्हणून माझी विनंती अशी की, येत्या उन्हाळ्यापूर्वी सांगलीतील किमान एका केंद्रावर दुसरा गाळणकागद लावण्याचे आदेश द्यावेत, महाबळेश्वरच्या नोंदी पार्श्वभूमी म्हणून मिळाव्यात यासाठी संबंधित संस्थेशी करार करावा, आणि वजन करून झालेले जुने कागद कोरड्या जागी, तारीख घालून जपावेत. काचतंतूंच्या कागदावर सिलिकॉन मोजता आले नाही, तरी क्वार्ट्झचे स्फटिक क्ष-किरणांनी शोधून पाहता येतील. जानेवारी 2022 मधील कागद कोठे शिल्लक असतील, तर सुरुवात त्यांच्यापासून करावी.

आपला नम्र,
एक निवृत्त रसायनशास्त्र शिक्षक
विश्रामबाग, सांगली