पाटीवरचं नाव

चि. स्वाती हिस,
अनेक आशीर्वाद.

फाटकाच्या पाटीचा फोटो मिळाला. ‘ग्रीन मेडोज’ खोडून ‘सुमन मळा’ लिहिलंस आणि खाली, ‘अण्णा, चालेल ना?’ दोन दिवस उत्तर दिलं नाही, रुसली असशील. फोन केला की आपलं बिबट्यावरून भांडण होतं, म्हणून लिहितोय. पत्रात त्याचा विषय काढायचा नाही असं ठरवलंय.

त्या रानाला नाव नव्हतं असं समजू नकोस. एक सोडून तीन होती. विहिरीकडचं लवण, मधली बाभळीची पट्टी, आणि ओढ्याच्या अंगाचं चोपण, तिथं ज्वारी कायम पिवळी पडायची. एकत्रीकरणात तिन्हींचा मिळून एक गट नंबर झाला. सातबाऱ्यावर ‘शेताचे स्थानिक नाव’ असा रकाना असतो, उघडून बघ. आपला रिकामा आहे. बाभळी तोडून चाळीस वर्षं झाली, तरी आक्का अजून बाभळीचीच म्हणते.

चोपणात यंदा ऊस ना? ह्या आठवड्यात लाईट रात्रीची आहे. एकटी पाण्याची दारं धरायला जाऊ नकोस. उसाच्या कडेला वाकून बसू नये, वाकलेलं माणूस त्याला लहान जनावर वाटतं. मोबाईलवर गाणी मोठ्यानं लावून जा. झालं, काढला विषय. शिकलेल्या लेकीला मी काय शिकवणार, राहू दे.

१९८६ ला शेतकरी संघटनेच्या चांदवडच्या महिला अधिवेशनाला मी तुझ्या आईला घेऊन गेलो होतो. ट्रकमध्ये उभ्यानं. येताना ती सगळ्या बायांबरोबर घोषणा देत होती, तसा आवाज मी पुन्हा ऐकला नाही. पुढं लक्ष्मीमुक्ती निघाली. बायकोच्या नावे जमीन करून द्या, असं शरद जोशी गावोगाव सांगत होते. लाल बिल्ला लावून मीही टाळ्या वाजवल्या. घरी आल्यावर तुझी आजी एवढंच म्हणाली, ‘आणि धाकट्याला काय वाटेल?’ मी कागद पेटीत ठेवले. तुझ्या आईनं चूल विझवली, कुदळ घेतली आणि दारं धरायला गेली. तेव्हाही लाईट रात्रीचीच होती.

ते कागद अजून पेटीतच आहेत.

तुझा फेरफार मंजूर झाला तेव्हा मी उतारा खालच्या वॉचमनला दाखवला. त्याला मराठी वाचता येत नाही, तरी दाखवला. तुझा दादा हसत होता.

नोकरी सोडलीस त्याबद्दल मी आता बोलत नाही. पण मजुरांसमोर घाबरलेलं दाखवू नकोस, आणि घाबरलीस तर लपवूही नकोस. दोन्ही कसं जमायचं ते मला विचारू नकोस.

आई त्या रानाला काय म्हणायची, आठवतं? लवण नाही, बाभळीची नाही. ‘तुमचं रान’. ‘तुमच्या रानात आज कांदे काढायचेत.’ चौतीस वर्षं. मला कधी खटकलं नाही. ह्या दोन दिवसांत सारखं ऐकू येतंय.

तेव्हा मळाबिळा नको. ‘सुमनचं रान’ असं लिहून घे. आणि पाटी जरा उंच लाव, ऊस वाढला की झाकेल.

नानाबरोबर घुंगरूकाठी पाठवतोय. दाराशी ठेव, माळ्यावर टाकू नकोस.

तुझा,
अण्णा