ऑनर्सचा फॉर्म भरण्याआधी

तासगाव,
एप्रिल 2026

चि. वैष्णवी हिस अनेक आशीर्वाद.

बीएस्सीच्या चौथ्या वर्षाचा, म्हणजे ऑनर्सचा, फॉर्म भरायचा की नाही, हे फोनवर बोलून उरकायचं काम नाही म्हणून लिहितोय. द्राक्षाची खरड छाटणी चालू आहे. माणसं जेवायला बसली की तेवढीच सवड मिळते.

आधी वर्षांचा हिशेब. तीन वर्षं बीएस्सी आणि दोन वर्षं एमएस्सी, नाहीतर चार वर्षं ऑनर्स आणि एक वर्ष एमएस्सी. बेरीज पाचच. "पोरीचं एक वर्ष वाया घालवता" म्हणणाऱ्या तुझ्या आत्याला मी हे सांगून झालंय. (तिला वर्षाची नाही, लग्नाची काळजी आहे. ते माझ्याकडे लागलं.) एमपीएससीला बसायचं तर तीन वर्षांची पदवी पुरते, पण त्याचं नाव तू कधी काढलं नाहीस, तेव्हा तो विषय सोडू.

आता ऑनर्समध्येही दोन प्रकार. साध्या ऑनर्सला संशोधनाऐवजी आणखी पेपर. ऑनर्स विथ रिसर्चला पहिल्या सहा सेमिस्टरमध्ये 75 टक्के हवेत आणि वर्षभरात 12 क्रेडिटचा प्रबंध. यूजीसीच्या 2022 च्या आराखड्यात चार वर्षांचे निदान 160 क्रेडिट दोन्हीकडे सारखेच. साधं ऑनर्स करू नकोस असं माझं स्पष्ट मत आहे. पेपरच द्यायचे तर ते विद्यापीठात, चांगल्या लॅबमध्ये एमएस्सी करताना दे. शिवाय एक वर्षाची एमएस्सी तुझ्या विषयात तुला हव्या त्या विद्यापीठात आहे का, हे आधी बघावं लागेल. नसेल तर चार वर्षं करून पुन्हा दोन वर्षांच्या एमएस्सीला बसायची पाळी. चार वर्षांच्या पदवीला 75 टक्के पडले की नेटला बसता येतं, थेट पीएचडीला अर्ज करता येतो, हे खरं आणि ते दोन्ही प्रकारांना लागू आहे. पण मुलाखतीत समोरचे विचारणार, केलंस काय? तिथे प्रबंध केलेल्याला सांगायला काहीतरी असतं.

तेव्हा प्रश्न रिसर्चचा. दिवाळीला आली होतीस तेव्हा हातभिंग घेऊन द्राक्षबागेच्या ओढ्याकडच्या ओळींत तासन्‌तास बसली होतीस. पानावर वरून तेलकट डाग आणि उलटं केलं की खाली पांढरी लव, ती मला दाखवलीस. डाऊनी, हा द्राक्षावरचा रोग, मी जन्मभर बघतोय, पण भिंगातून कधी बघितला नव्हता. मग विचारलंस, याच चार ओळींत तो आधी का येतो? आणि पूर्वी एका फवारणीत थांबायचा, आता तेच औषध दोनदा मारूनही का थांबत नाही? दुकानदाराला विचारलं की तो नवीन औषधाचा डबा पुढे करतो. तुझ्या या प्रश्नाला माझ्याकडेही उत्तर नाही.

असा प्रश्न हातात असेल तर चौथं वर्ष कर. पण मग तारखा बघ. डाऊनीचा हंगाम आमच्याकडे ऑक्टोबर छाटणीनंतर, पाऊस-धुकं असेल तेव्हा. ते महिने गेले की रानात नमुने मिळत नाहीत आणि पुढचा हंगाम येईपर्यंत तुझं वर्ष संपलेलं असतं. म्हणजे विषय आणि गाईड जुलै-ऑगस्टमध्ये ठरायला हवेत. कॉलेज जर दिवाळीनंतर गाईड वाटणार असेल, तर तुला मिळेल ते कपाटातलं जुनं हर्बेरियम, म्हणजे वाळवून ठेवलेली झाडंपानं, आणि इंटरनेटवरून उतरवलेला प्रबंध.

दुसरं, विभागात कायमचे किती आणि सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर, किती, हे विचार. लाजू नकोस. सीएचबीवरचे सर कितीही जीव तोडून शिकवत असले तरी पुढच्या वर्षी ते असतीलच असं त्यांनाही सांगता येत नाही. बिचाऱ्यांना तासावर पैसे, तेही उशिरा. त्यांच्या भरवशावर वर्षाचं काम कसं उचलायचं? स्वायत्त कॉलेजांत हे नवीन शैक्षणिक धोरण 2023-24 पासून आलं. तुम्ही पहिलीच बॅच, त्यामुळे विचारायला सीनिअर नाहीत. सगळं स्वतःच खोदून काढावं लागेल.

आणि कॉलेजची लॅब कमी पडली तर बाहेर कुठे काम करू देतात का, तेही विचार. पुण्याजवळ मांजरीला द्राक्ष संशोधन केंद्र आहे. आगरकर रस्त्यावरची आघारकर संस्था तर तुमच्या रोजच्या वाटेवर. एआरआय-516 ही बुरशीला दाद न देणारी द्राक्षाची जात तिथलीच. कॉलेजचं पत्र असेल तर निदान दार वाजवता येईल.

यांतलं काहीच जमत नसेल तर बिनदिक्कत तिसऱ्या वर्षाला बाहेर पड आणि एमएस्सीची प्रवेश परीक्षा दे. मैत्रिणी भरतायत म्हणून भरू नकोस आणि मला बरं वाटावं म्हणून तर अजिबात नको.

पैशाचं डोक्यात घेऊ नकोस. बेदाणा कोल्ड स्टोरेजला आहे. दर बघून थोडा थोडा सौद्याला काढायचं ठरवलंय. रूम आणि मेस दोन्ही वाटांनी तेवढंच लागणार आहे, त्यात ऑनर्सचा दोष नाही.

मॅडमना भेटून आलीस की रात्री आठनंतर फोन कर, दिवसा मोबाईल घरीच असतो. आणि शेवटचा पेपर कधी ते आईला कळव, तिला तुझ्यासोबत पाठवायच्या डब्याची आत्ताच घाई झालीय.

तुझा,
पप्पा