फोंड्याच्या दुकानदार काकांना, मनापासून

काका, सप्रेम नमस्कार.

तुमच्या आता लक्षातही नसेल. मासेबंदीचे दिवस होते. १ जून ते ३१ जुलै बांगडा-तारल्यांचा दुष्काळ, त्यामुळे आमची मांजर भुरी पूर्ण पाकिटातल्या दाण्यांवर आली होती आणि अंगावरचे केस पार निस्तेज झाले होते. खाल्लेलं ओकायची, दिवसभर कपाटावर पडून राहायची.

तुमच्याआधी एका झगमगीत दुकानात गेले होते. माझं बोलणं पुरं व्हायच्या आत त्यांनी सगळ्यात महागडी गोणी काउंटरवर आपटली. दुसरीकडे ऐकायला मिळालं, "मांजरांचे नखरे असतातच हो." त्या दोघांनाही नमस्कार, लांबूनच.

तुम्ही मात्र माझ्या पिशवीतलं जुनं पाकीट मागून घेतलंत आणि उलटं केलंत. मागची अक्षरं मोहरीएवढी. मी डोळे बारीक करून बघतेय म्हटल्यावर तुम्ही स्वतःचा चष्मा उतरवलात, सदऱ्याच्या टोकाने पुसलात आणि माझ्यापुढे धरलात. "तुम्हीच वाचा. मी सांगतो म्हणून घेऊ नका." काका, हे मी विसरणं शक्य नाही. आजकाल गिऱ्हाइकाला वाचू देतो कोण?

वाचलं तर पहिलं नाव मक्याचं. वजनाला जे जास्त ते आधी लिहितात, हे तुमच्याकडून कळलं. मांजर पक्कं मांसाहारी. टॉरिन नावाचं मांस-मासळीतलं पोषक द्रव्य त्याच्या शरीरात पुरेसं तयार होत नाही, ते खाण्यातून मिळालं नाही तर डोळे आणि हृदय दोन्ही धोक्यात येतात. म्हणून यादीत आधी मांस किंवा मासळी हवी आणि पाकिटावर 'संपूर्ण आहार' असं लिहिलेलं हवं.

एवढं सांगून विकलंत काय, तर सगळ्यात लहान पाकीट! "पावसात मोठी पिशवी उघडली की दाणे सर्द होतात, खवट वास मारतात." जाता जाता बजावलंत, की जुन्यात नवं थोडं थोडं मिसळत आठ-दहा दिवसांनी पूर्ण बदला, आणि दोन दिवस काहीच खाल्लं नाही तर थांबू नका, डॉक्टर गाठा, उपासाने मांजराचं लिव्हर बिघडतं.

ती वेळ आली नाही. पहिले काही दिवस बाईसाहेबांनी नवे दाणे वेचून बाजूला काढले, मग मुकाट्याने वाटी चाटायला लागल्या. आता ओकणं बंद आहे आणि पाठीवरून हात फिरवला की केस रेशमासारखे लागतात.

गल्ला सांभाळून माणुसकी जपणारे तुमच्यासारखे दुकानदार बाजारात अजून आहेत, म्हणून आमच्यासारख्यांचं निभतं. पाऊस सरला की मोठी पिशवी न्यायला येते. तेव्हा तरी थोडा नफा करून घ्या!

आपली,
बांदोड्याची एक गिऱ्हाईक